रांगतं बाळ आहे, घरात वर्षभर किडे-मुंग्या होऊ नयेत म्हणून काय करावं? मदत हवी आहे

अंगणवेल:
मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच.

घरात नऊ महिन्यांचं बाळ आहे. नुकतंच रांगायला लागलंय आणि जमिनीवर जे सापडेल ते थेट तोंडात जातं. ऊन वाढलं की मुंग्या, हवा दमट झाली की झुरळं आणि चिलटं, पाणी साचलं की डास, गारठा पडला की उंदीर. एकाचा बंदोबस्त होईपर्यंत दुसरं सुरू.

परवा रात्री दोनला पाणी गरम करायला उठले. दिवा लावल्याबरोबर ओट्यावरची पाच-सहा बारकी झुरळं सरसर फ्रिजच्या दाराच्या रबरात शिरली. रबराची घडी बोटाने उलगडून बघितली, तर आत मिरीच्या भुकटीसारखे काळे कण आणि तांदळाच्या दाण्याएवढी, आडव्या रेघा असलेली एक तपकिरी डबी चिकटलेली. बाळाची बाटली त्याच ओट्यावर ठेवते मी. त्या रात्री पुन्हा झोप लागली नाही.

आतापर्यंत केलेले उपाय: दर तीन महिन्यांनी फवारणी. मागच्या वेळी एकांनी जेलचे टिपके लावून दिले, पण दोन दिवसांनी झुरळ दिसलं म्हणून मी वरून स्प्रे मारला. चार दिवस शांतता होती, आणि मग पूर्वी कधीच नव्हती त्या बाथरूममध्येही झुरळं दिसायला लागली. प्लगमध्ये लावायचं, आवाजाने कीटक पळवणारं यंत्र तीन महिने चालू आहे, फरक काही नाही. बाळाच्या कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या आहेत.

मला दर वेळी औषध मारत बसायचं नाही. कोणत्या ऋतूत काय आधी करून ठेवावं, आणि बाळ असताना काय अजिबात वापरू नये, हे कोणी अनुभवावरून सांगाल का?

काजळमाया:
बाकी सगळं नंतर. डांबरगोळ्या आजच्या आज काढा. नॅफ्थलीनची वाफ कपड्यात मुरते, आणि ज्या बाळांना जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. ही कमतरता आहे हे बहुतेकदा आधी माहीतच नसतं. कपडे मोकळ्या हवेत पसरा, धुवा, मगच घाला. गोळी गिळली गेली तर धोका आणखी मोठा. कसर आणि पतंग टाळायला कपडे धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तरी पुरतं.

तिसरापहर:
तुम्ही वर्णन केलेली ती डबी म्हणजे झुरळाचा अंडीकोष. झुरळं बारकी, डोक्यामागे दोन गडद पट्टे असलेली आहेत का? असतील तर ती जर्मन झुरळं. एका कोषात साधारण ३० ते ४० अंडी असतात, आणि पिल्लं बाहेर यायची वेळ येईपर्यंत मादी तो कोष पोटाला धरूनच फिरते. फवारणी कोषाच्या आत पोचत नाही. म्हणून फवारल्यावर काही आठवडे बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

जेलवर स्प्रे मारणं हीच खरी चूक झाली, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. जेल हे विष घातलेलं खाणं आहे. झुरळाने ते खाऊन बिळात परत जायला हवं, कारण बाकीची झुरळं त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ खातात आणि त्यातून तीही मरतात. स्प्रेच्या वासाने ती जेलकडे फिरकत नाहीत आणि दुसऱ्या खोलीत पांगतात. तुमच्या बाथरूममध्ये बहुधा तीच गेली. शिवाय पहिल्या आठवड्यात झुरळं दिसतातच, त्याला घाबरू नका.

आता असं करा. स्प्रे पूर्ण बंद. साबणाच्या पाण्याने सगळं पुसून घ्या. मग चिकट सापळे आणा आणि फ्रिजमागे, सिंकखाली, गॅसशेजारी, बाथरूमच्या नळाखाली एकेक ठेवा, अर्थात बाळाचा हात पोचणार नाही असे. प्रत्येकावर तारीख घाला आणि तीन दिवसांनी मोजा. जिथे सर्वांत जास्त आणि त्यातही पिल्लं जास्त, तिथेच घर आहे. जेल तिथल्या बिजागऱ्यांत, फटींत, मुगाच्या दाण्याएवढं, उघड्यावर नाही. अंदाजाने घरभर औषध टाकण्यापेक्षा हे मोजणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि पाणी! खाण्याशिवाय झुरळ महिनाभर काढू शकतं, पाण्याशिवाय त्याचे दिवस मोजके. रात्री सिंक कोरडं पुसून झोपा, गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त करा.

ओळंबा:
माझं आयुष्य बांधकामात गेलं, म्हणून फक्त भिंतीबद्दल बोलतो. गारठा पडायच्या महिनाभर आधी घराभोवती एक फेरी मारा, हातात पेन्सिल घेऊन. जिथे पेन्सिल आत जाते तिथून उंदराचं पिल्लू आत येतं, ६ मिलिमीटरची फट त्याला पुरते. पाइप भिंतीतून जातो ती जागा, दाराखालची फट, एसीच्या नळीचं भोक ही नेहमीची ठिकाणं. नुसता फोम भरू नका, उंदीर तो कुरतडतात. आधी स्टीलची लोकर गच्च दाबा, वरून सिमेंट. घरात बाळ असताना उंदराचं विष ठेवूच नका, झाकणाचा सापळा वापरा.

भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली तर ती वाळवी. ती पुसून टाकून विसरू नका, वाळवी तिच्या आतूनच ये-जा करते. तिथे मात्र जाणकार माणूस बोलवा, घरगुती उपाय त्यात चालत नाही.

शेवंती_२:
मुंग्यांची रांग फिनाइलने मारण्यात अर्थ नाही. पुढे गेलेली मुंगी वासाची रेघ सोडते, बाकीच्या त्या रेघेवरून येतात. साबणाच्या पाण्याने रेघ पुसा आणि रांग कुठून येते ते शोधून ती फट बुजवा. बोरिक ॲसिडचं आमिष ठेवायचं तर ते बंद डबीतलं आणि उंचावर, बाळाच्या पोटात गेलं तर विषारी आहे.

डासांसाठी आठवड्यातला एक वार ठरवा. कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे त्या दिवशी रिकामे करून घासायचे. नुसतं पाणी ओतून भागत नाही, एडिसची, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची, अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. बाळाला मच्छरदाणी लावा, त्यासारखं काही नाही.

मोरीजवळची चिलटं जाळीखालच्या चिकट थरात वाढतात. ब्रशने तो थर खरवडून काढला की आपोआप कमी होतात.

तिसरापहर:
यंत्राचं राहिलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा हवा. काढून ठेवा. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुठलंही औषध आणू नका, मांजरांना ते सोसत नाही.

अंगणवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. डांबरगोळ्या त्याच संध्याकाळी काढल्या, कपडे दोनदा धुतले.

सापळ्यांचा हिशेब सांगते. पहिल्या तीन दिवसांत फ्रिजमागे २३, सिंकखाली ४, बाथरूममध्ये २, गॅसपाशी एकही नाही. मी इतके दिवस सिंकखालीच औषध ओतत होते! फ्रिज ओढून मागचं झाकण काढलं, तर मोटरच्या उबेला, पाण्याच्या ट्रेभोवती सगळी वस्ती. ट्रे धुतला, रबराच्या घड्या जुन्या टूथब्रशने साफ केल्या, जेल फक्त तिथे लावलं. आज तीन आठवड्यांनी फ्रिजमागच्या सापळ्यावर दोन आहेत, दोन्ही पिल्लं. काजळमाया, तुम्ही ते एन्झाइमचं सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं.

ओळंबाकाका, पेन्सिल घेऊन फेरी मारली. सिंकच्या पाइपभोवती फट सापडली, माझा अंगठा आत जाईल एवढी. तिथून पाइप हलतोही थोडा. सिमेंट भरलं तर तडा जाईल ना? अशा हलत्या पाइपला काय भरतात?

ओळंबा:
आधी पाइपला भिंतीवर क्लॅम्प मारून घ्या, हलणं थांबलं पाहिजे. मग स्टीलची लोकर, आणि वरून सिमेंटऐवजी सिलिकॉन. ते थोडं ताणलं जातं, तडकत नाही. चोवीस तास पाणी लागू देऊ नका.