मदत हवी आहे : खोक्याचा लाइटबॉक्स केला, तरी फोटो खराबच येऊन राहिले

बंडीवाला_साकोली
वस्तूवर सगळीकडून मऊ उजेड पडावा म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्याला तीन बाजूंनी खिडक्या कापल्या, कापड लावलं, आत पांढरा कागद टाकला, दोन्हीकडून बल्ब. व्हिडिओत दाखवतात तसंच सगळं. तरी फोटो पिवळट, कागद राखाडी, आणि मधूनमधून काळे पट्टे. वस्तू तर कागदातच मिसळून जाते. परवा यादी पाठवायची आहे, ४० फोटो काढायचे आहेत. लवकर सांगा.

संत्राबर्डी
वस्तू कोणती? केवढी? फोनमध्ये प्रो मोड आहे का, म्हणजे शटर वगैरे आपल्या हातानं ठरवता येते तो? बल्ब कोणते? आणि "कापड" म्हणजे काय भाऊ, गोणपाटही कापडच असते.

खटपट्या_वणी
बाकीचं नंतर, पट्ट्यांचं आधी सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला दिसत नाही. पण फोन फोटो ओळीओळीनं वाचतो, त्यामुळे शटर फास्ट असलं की काही ओळी उजेडात आणि काही अंधारात सापडतात. प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेव, आयएसओ (फोन उजेड किती पकडतो ते) १००. फोन स्टँडवर लाव, २ सेकंदांचा टायमर लाव. हातात धरून १/५० वर फोटो हलतोच.

उन्हातला_माणूस
एवढा कुटाणा काहून? उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल लावा, समोरून पांढरा पुठ्ठा उभा करा, झालं. फुकट उजेड, पट्टे नाही, पिवळेपणा नाही.

खटपट्या_वणी
श्रावणात? दहा मिनिटांत आभाळ तीनदा बदलते. एक फोटो असता तर खिडकीच बरी. ४० फोटो एकासारखे दिसले पाहिजेत, तिथं ऊन कामाचं नाही.

बंडीवाला_साकोली
बल्ब घरचेच, एलईडी ९ वॉट. एक जरा पिवळा आहे, पण त्यानं काय होते? कापड मांजरपाट, नवीनच घेतलं. वस्तू लहान, चार इंची. प्रो मोड आहे.

संत्राबर्डी
इथंच सापडलं. "जरा पिवळा" म्हणजे ३००० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) असेल आणि दुसरा ६५०० चा. एका बाजूनं पिवळं, दुसऱ्या बाजूनं निळसर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून फोन रंग सुधारतो ते, कोणत्या बाजूचा धरणार? एक सुधारली की दुसरी बिघडते. दोन्ही ६५०० चे, एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले लाव. खोलीतली ट्यूबलाइट बंद, खिडकीला पडदा.

दुसरं, कोरा मांजरपाट पांढरा नसतो, सायीच्या रंगाचा असतो. त्यातून येणारा उजेडही तसाच पिवळट होतो. धुवट पांढरं कापड घे, जुनं धोतर चालते. फक्त नीळ घातलेलं नको, ते उलट निळं मारते.

रेघोटी
कापड नकोच. ट्रेसिंग पेपर लावा, त्याला विणीचे धागे नाहीत, उजेड एकसारखा पसरतो. बटर पेपर मात्र नको, त्याला पिवळी झाक असते.

संत्राबर्डी
ट्रेसिंग पेपर या हवेत लावून पाहा. ओल धरली की लाटा येतात, आणि त्या लाटा चकचकीत वस्तूवर जशाच्या तशा दिसतात. उन्हाळ्यात तुमचं खरं, आता कापडच.

रेघोटी
ताणून चारही कडांना दुहेरी टेप मारली तर नाही येत. फेविकॉलनं चिकटवला तर येणारच, त्यात पाणीच असते.

मोबाइल_मास्तर
हे सगळं सोडा. पार्श्वभूमी उडवायचं ॲप घ्या, एका टिचकीत कागद पांढरा. नाहीतर मॅक्रोची क्लिप-लेन्स मागवा.

खटपट्या_वणी
चार इंची वस्तूला मॅक्रो कशाला, मास्तर? मुंगीचा फोटो काढून राहिला का तो? आणि ॲप बारीक दोरे खाते, कडा कुरतडते.

उन्हातला_माणूस
अजून कोणी वस्तू काय आहे ते विचारत नाही! दुधाचा ग्लास आणि लोखंडी कडी, दोघांना एकच उजेड कसा चालेल?

संत्राबर्डी
पहिल्याच ओळीत विचारलं होतं मी.

बंडीवाला_साकोली
लाकडी नंदी आहेत, तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या पोळ्यासाठी. पांढरा ऑइलपेंट, लाल शिंगं, गळ्यात पितळी घुंगरांची माळ, खाली चाकं. माळ सुती दोऱ्यात ओवली आहे.

विदर्भाची_वाट
अरे वा! झडत्या (पोळ्याच्या तुकबंद्या) म्हणायला आमचे पोट्टे आत्ताच तयार आहेत. चार इंची केवढ्याला? अर्जुनी मोरगावला पोहोचवता का?

खटपट्या_वणी
बाप्पा! पांढरा बैल पांढऱ्या कागदावर? मग तो मिसळणार नाही तर काय होईल! आधी नाही का सांगायचं.

आता नीट ऐक. आतला कागद बदल. आकाशी किंवा फिकट राखाडी कार्डशीट घे. वरची कड खोक्याच्या मागच्या भिंतीला वर चिकटव आणि खाली सैल कमान येऊ दे, घडी पडू देऊ नको, नाहीतर मागं रेघ दिसते. पातळ चार्ट पेपर लोंबतो. नंदी मागच्या भिंतीपासून १२ ते १५ सेंमी पुढं ठेव, म्हणजे सावली भिंतीवर चढणार नाही.

ग्राहकाला पांढराच कागद पाहिजे असेल, तर काळ्या कार्डशीटच्या दोन उभ्या पट्ट्या काप, चार-पाच सेंमी रुंद. नंदीच्या डाव्या-उजव्या बाजूला, फोटोच्या चौकटीत येणार नाहीत पण जवळच, अशा उभ्या कर. त्यांचं काळं प्रतिबिंब ऑइलपेंटच्या कडेवर पडते आणि पाठीची, वशिंडाची रेघ उठून दिसते. कागद राखाडी येते ते वेगळं : सगळं पांढरं पाहिलं की फोन उजेड जास्त आहे असं समजून फोटो काळवंडवतो. ऑटोवर काढत असशील तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +०.७ ते +१ कर. प्रो मोडमध्ये १/१०० वर काळं वाटलं तर सरळ १/५० कर, प्रकाश दुप्पट.

संत्राबर्डी
बल्ब कापडाला चिकटवू नको. २० ते २५ सेंमी लांब ठेव, म्हणजे पूर्ण कापड उजळते. जवळ ठेवलं तर कापडाच्या मधोमध पांढरा गोळा तयार होतो आणि तोच नंदीच्या पोटावर डाग होऊन बसते. खोका केवढा आहे?

बंडीवाला_साकोली
बुटाच्या खोक्याएवढा.

संत्राबर्डी
मग सगळंच कमी जागेत चाललं आहे. वस्तूच्या तिप्पट तरी पाहिजे, १४-१५ इंची किराण्याचा खोका आण. खिडकी कापताना चारही कडांना दोन इंच पुठ्ठा राहू दे, त्याहून कमी ठेवला तर दमट हवेत खोका वाकतो. कापलेल्या चौकटीला आतून पांढरा कागद चिकटव, तपकिरी पुठ्ठाही रंग सोडतो. फोन लांब ठेवून २x झूमनं काढ. अगदी जवळून काढलं तर नंदीचं तोंड मोठं आणि मागचा भाग बारका दिसतो.

रेघोटी
६० वॉटचा जुना पिवळा बल्ब कोणी सुचवला तर ऐकू नका. कागद-पुठ्ठ्याजवळ तो पेटवून देईल.

बंडीवाला_साकोली
नवीन खोका, दोन सारखे बल्ब, राखाडी कार्डशीट. पट्टे गेले, पिवळेपणा गेला. नंदी मस्त दिसून राहिला. पण एका घुंगरात काळा ठिपका आहे. मोठं करून पाहिलं तर माझा फोन आणि मीच!

खटपट्या_वणी
पांढऱ्या कार्डशीटला मधोमध लेन्सपुरतं भोक पाड, फोनपुढं धर. खोक्याचं उघडं तोंड त्यानंच झाकलं जाते, घुंगराला चहूबाजूंनी पांढरं दिसते. ठिपका उरेल, पण भोकाएवढाच.

बंडीवाला_साकोली
कापतो. एक अजून, रात्री दिव्यावर किडे येऊन कापडावर बसतात, त्यांची सावली आत दिसते.

उन्हातला_माणूस
म्हणूनच खिडकी म्हणत होतो.

संत्राबर्डी
दार-खिडकी बंद करून दिवसा काढ.

बंडीवाला_साकोली
दिवसा लाइन नसते. आत्ताही गेली.

खटपट्या_वणी
पॉवर बँकेवर चालणारे यूएसबी एलईडी बल्ब घे, दोन्ही एकाच प्रकारचे. तिथं बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, करंट असते, ५० हर्ट्झची भानगडच नाही. मंद करायचं बटण असेल तर पूर्ण उजेडावरच ठेव, कमी केलं की कित्येक बल्ब लुकलुक करतात आणि पट्टे परत येतात.

विदर्भाची_वाट
केवढ्याला ते राहिलंच.