संस्कृती सौद्याबाहेर ठेवली, हे युरोपने बरोबर केलं का?

उंबरठा: ट्रम्प यांनी २०२५ मध्ये परदेशी चित्रपटांवर १०० टक्के आयातशुल्काची धमकी दिली, तेव्हा मला १४ जून २०१३ आठवला. लक्झेंबर्गला युरोपीय संघाच्या व्यापारमंत्र्यांची बैठक तेरा तासांच्या आसपास चालली होती. विषय अमेरिकेशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींचा. चित्रपट आणि दूरचित्रवाणी वगळा, म्हणून फ्रान्स अडून बसला. सांस्कृतिक वैविध्य धोक्यात येणार असेल तर व्यापार करारासाठी एकमत लागतं, अशी तरतूद संघाच्या मूळ तहातच आहे. त्यामुळे एकट्याचा नकारही भारी पडला. युरोपीय आयोगाचे (संघाच्या कार्यकारी मंडळाचे) तेव्हाचे अध्यक्ष बारोसो यांनी या मानसिकतेला प्रतिगामी म्हटलं. मला मात्र फ्रान्सचं पटतं. एकदा वस्तू टेबलावर मांडली की घासाघीस आलीच. दक्षिण कोरियाने २००६ मध्ये अमेरिकेशी बोलणी करायची म्हणून चित्रपटगृहांत देशी चित्रपट दाखवण्याचे सक्तीचे दिवस वर्षाला १४६ वरून ७३ वर आणले.

खवचट काका: उदाहरण तुमच्याच अंगलट आलंय. कोटा निम्मा झाला आणि २०२० चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कोरियाने नेलं! युरोपात १९८९ पासून वाहिन्यांना बातम्या-खेळ-जाहिराती सोडून निम्म्याहून जास्त वेळ युरोपीय कार्यक्रमांना द्यायचा नियम आहे, तोही ‘शक्य असेल तिथे’ अशी पळवाट ठेवून. २०१८ मध्ये ओटीटीवर ३० टक्क्यांची अट आली. ती मोजायची कशी, तर शीर्षकांवरून. मालिकेचा अख्खा सीझन म्हणजे एक शीर्षक. जुने धूळ खाणारे चित्रपट कोंबा, भरले ३० टक्के.

रिकामटेकडी: काका, अर्धंच वाचलंत. ती शीर्षकं ठळक दिसतील अशी ठेवा, हेही त्याच नियमात आहे.

उंबरठा: आणि कोटा हा दाखवायचा दात. खायचा दात पैशाचा! फ्रान्समध्ये चित्रपटाच्या तिकिटावर १०.७२ टक्के कर आहे, हॉलीवूडच्या तिकिटावरसुद्धा. तो १९४६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातो आणि तिथून निर्मात्यांकडे. म्हणजे अमेरिकी सुपरहिरो फ्रेंच दिग्दर्शकाचं पोट भरतो. चित्रपटही करारात गेले असते, तर या पैशात मलाही वाटा द्या म्हणत उद्या कुणीही दारात उभं राहिलं असतं.

खवचट काका: तो करार पुढे बारगळलाच की हो! मग वाचवलं काय? ‘युरोपीय संस्कृती’ म्हणायचं आणि तुंबडी फ्रेंच निर्मात्यांची भरायची. तेरा-चौदा लाख वस्तीच्या एस्टोनियात फ्रेंच मालिकाही परकीच.

उंबरठा: करार बारगळेल हे २०१३ मध्ये कुणाला ठाऊक होतं? एस्टोनियाचा मुद्दा मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेंटकर: मी फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागात राहते, म्हणून बोलते. इथे डच बोलणारे सत्तर लाखांच्या आत-बाहेर. शेजारी नेदरलँड्स, त्यांचीही भाषा डच, तरी आमच्या शेजारीणबाईंना मालिका लागते ती इथल्याच बोलीतली. तिकडचे उच्चार ऐकले की नाक मुरडतात.

खवचट काका: म्हणजे मागणी आहेच. मग बाजार बघून घेईल, सरकारी निधी कशाला?

गेंटकर: मालिका संपल्यावर लगेच बंद करू नका काका. श्रेयनामावलीत खाली-खाली, बारीक अक्षरात, फ्लेमिश (म्हणजे फ्लँडर्सच्या) सरकारी चित्रपट-माध्यम निधीचं नाव सरकतं. किती मालिकांत दिसतं ते मोजा आणि इथेच येऊन सांगा.