उर्मिला मातोंडकर, उत्तर मुंबई, २०१९: पडल्या की पाडल्या?

आठची बोरिवली स्लो
काल जेवताना घरात वाद झाला, तो इथे आणतोय. विषय: राजकारणात नवख्या माणसाने थेट लोकसभेला उभं राहावं का? उदाहरण आमच्याच मतदारसंघातलं. २७ मार्च २०१९ ला उर्मिला मातोंडकर काँग्रेसमध्ये आल्या आणि २९ एप्रिलला मतदान. मधे मोजून ३३ दिवस. भाजपच्या गोपाळ शेट्टींना ७,०६,६७८ मतं, यांना २,४१,४३१. फरक ४,६५,२४७. माझं मत स्पष्ट आहे: आधी वॉर्डात नगरसेवक व्हा, गटारं-नाले बघा, मग दिल्लीच्या गप्पा. चेहऱ्यावर सभा भरते, पेटी भरत नाही.

खडूस_गणिती
फरक बघून निकाल लावू नका हो. २०१४ ला याच जागेवर काँग्रेसकडून संजय निरुपम होते, तेही विद्यमान खासदार. त्यांना २,१७,४२२ मतं पडली आणि ते ४,४६,५८२ ने हरले. म्हणजे महिनाभराच्या नवख्या बाईंनी मुरलेल्या नेत्यापेक्षा २४,००९ मतं जास्तच आणली. डिपॉझिटही वाचलं. (एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त लागतात, नाहीतर २५,००० रुपये गेले.)

आठची बोरिवली स्लो
२०१९ ला मतदानच जास्त झालं होतं, दोघांचीही मतं वाढली. शेट्टींची तर ४२ हजारांनी वाढली, ते सोयीस्कर विसरलात.

खडूस_गणिती
मान्य. पण मग वॉर्डातून वर आलेला असता तर काय साडेचार लाखांचा खड्डा भरला असता?

चारकोपची मावशी
गोविंदा विसरलात वाटतं सगळे! २००४ मध्ये काँग्रेसकडून इथेच पहिल्याच फटक्यात भाजपच्या राम नाईकांना पाडलं. पाच वेळा निवडून आलेला माणूस होता तो. तेव्हा कुठे गेली होती नगरसेवकाची पायरी?

खडूस_गणिती
मावशी, तेव्हाचा मतदारसंघ वेगळा. वसई-पालघरपर्यंत पसरलेला होता. २००८ च्या फेररचनेत तो सगळा पट्टा कापला गेला. उरलं बोरिवली, दहिसर, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम. काँग्रेसला जरा बरं वाटावं असं त्यात एक मालाड पश्चिम. तरी २००९ ला निरुपम निसटते का होईना आले, पण तेव्हा मनसेने मतं खाल्ली होती.

पोलिंग एजंट (निवृत्त)
आकडे राहू द्या, बूथवरचं सांगतो. पक्षाचं नाव घेत नाही, एका निवडणुकीत मी एजंट होतो, म्हणजे बूथवर बसणारा उमेदवाराचा माणूस. पहाटे साडेपाचला हजर. आधी मॉक पोल, निदान ५० मतं टाकून मशीन तपासायची, मग ती पुसायची, मग सील. दिवसभर यादीवर पेन्सिलने खुणा: कोण येऊन गेलं, कोण राहिलं. दुपारी दोनला पोरगा येतो, राहिलेल्यांची नावं घेऊन बिल्डिंगमध्ये पळतो. "काकू, चला, रिक्षा खाली उभी आहे." आमच्याकडे तो पोरगाच नव्हता. माझ्या चिठ्ठ्या खिशात घामाने भिजल्या. संध्याकाळी १७ सी फॉर्मवर (बूथवर पडलेल्या मतांचा हिशोब) सही केली आणि चालत घरी. नवख्या उमेदवाराला हे पोरगं कुठून मिळणार? ते वर्षानुवर्षं गणपतीच्या मंडपात तयार होतं.

आठची बोरिवली स्लो
तेच तर म्हणतोय मी, काका!

चारकोपची मावशी
नाही हो, काका उलट सांगतायत. पोरगं पक्षाने द्यायचं असतं. तिकीट दिलं आणि बाईंना सोडून दिलं, तर तो बळीचा बकरा. स्थानिक पातळीवरच्या कामाबद्दल त्यांनी लिहिलेलं पत्र निकालानंतर फुटलं, आणि सप्टेंबरमध्ये पक्षांतर्गत राजकारणाचं कारण देऊन त्यांनी राजीनामा दिला. उगीच नाही.

माहेर_वसई
आणि डिसेंबर २०२० ला शिवसेनेत! मला खटकलं ते हे. अडीच लाख माणसांनी पंजावर मत दिलं, त्यांच्याकडे पुन्हा कोण फिरकलं? मीरा सान्याल बघा. बँकेतलं मोठं पद बाजूला ठेवून २००९ ला दक्षिण मुंबईत अपक्ष, डिपॉझिट गेलं. २०१४ ला त्याच जागी 'आप'कडून परत उभ्या, परत गेलं. पण परत आल्या ना!

चारकोपची मावशी
दुसऱ्यांदा यायला घरची ऐपत पण लागते बाई.

खडूस_गणिती
मूळ प्रश्नाकडे येतो. २०२४ ला याच उत्तर मुंबईत भाजपचे पीयूष गोयल आयुष्यात पहिल्यांदा लोकसभा लढले. तोवर राज्यसभेतच. निवडून आले ३,५७,६०८ ने. नगरसेवक कधी होते ते सांगा बरं, स्लो लोकल.

आठची बोरिवली स्लो
ते केंद्रात मंत्री होते! त्यांना नवखं म्हणणं म्हणजे… बरं, जागेचा प्रश्न मानतो. पण नवख्याने पडेल जागा घ्यावी का, हे तरी सांगा. मला उद्या कुणी तिकीट दिलं तर?

पोलिंग एजंट (निवृत्त)
आधी चारकोपमध्ये बूथ किती आहेत ते विचारून या. मग माझा नंबर देतो.