क्लबचं पदक कमी मोलाचं कसं?

एकांनी लिहिलंय की आयर्लंडचा गेलिक फुटबॉलपटू कोलम कूपरची खरी कारकीर्द केरी काउंटीच्या संघाची, गावच्या क्लबकडून मिळवलेलं पदक म्हणजे नुसती भर. हे मला पटत नाही.

केरीकडून त्याने भरभरून मिळवलं, यात वाद नाही. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे ऑल स्टार पुरस्कार त्याला ८ वेळा मिळाले. २००४च्या अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात मेयो काउंटीविरुद्धचा गोल मी कितीदा पाहिलाय! उंचावरून आलेला चेंडू झेलला, बचावपटूला हूल दिली आणि शांतपणे जाळ्यात सरकवला. किरकोळ अंगाचा पोरगा, पण घाई म्हणून नाहीच.

पण गेलिक फुटबॉल हौशी खेळ आहे. कूपर बँकेत नोकरी करायचा. इथे खेळाडू विकले जात नाहीत. ज्या गावचा, सहसा त्याच क्लबचा. त्याचा क्लब किलार्नीचा डॉ. क्रोक्स. २००७मध्ये क्लबांच्या अखिल आयर्लंड अंतिम फेरीत क्रॉसमाग्लेन क्लबने त्यांना फेरसामन्यात हरवलं. मग २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं उपांत्य फेरीत हार, आणि तिसऱ्या वेळी तर त्याच्या गुडघ्याचा लिगामेंटच फाटला. काउंटीचा तो अख्खा मोसम गेला, आणि नेमकी त्याच वर्षी केरी अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली!

शेवटी १७ मार्च २०१७ला क्लबांच्या अंतिम सामन्यात स्लॉटनील क्लबवर १-९ विरुद्ध १-७ असा विजय. (आधी गोल, मग गुण. तेव्हा गोलचे तीन गुण, आडव्या दांडीवरून मारला तर एक.) क्रोक्सचा तो एकुलता एक गोल कूपरचाच. पुढच्याच महिन्यात त्याने काउंटीतून निवृत्ती घेतली.