मदत हवी आहे : सातवीतल्या मुलीचा इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा?

ओली_माती

नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, शाळेतले बरेचसे विषय इंग्रजीत. गोष्टीची पुस्तकं ती आवडीनं वाचते, तिथे अडत नाही. अडतं ते विज्ञान आणि इतिहासाच्या धड्यांत, आणि परीक्षेत येणाऱ्या न वाचलेल्या उताऱ्यावर. उतारा खाडखाड वाचते, आणि "काय म्हटलंय गं यात?" विचारलं की गप्प.

कुणीतरी 'ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी'ची यादी दिली आहे. रोज दहा शब्द आणि त्यांचे अर्थ पाठ करायचे. करते बिचारी. पण मागच्या महिन्यातले शब्द विचारले तर पाटी कोरी. आणि जे लक्षात राहतात ते निबंधात कोंबते. परवा लिहिलं, 'माय ग्रँडमदर इज ॲन एन्शंट लेडी'. यादीत एन्शंट म्हणजे व्हेरी ओल्ड असं छापलंय, मग तिचं काय चुकलं? (आजींना सांगितलं तर त्या खूश. म्हणाल्या, बरोबरच लिहिलंय पोरीनं.)

तर ही यादी चालू ठेवावी का? नाही तर कुठले शब्द शिकवायचे? आणि विसरू नयेत म्हणून काय करता तुम्ही लोक? स्पर्धापरीक्षा वगैरे डोक्यात नाही. पुस्तक वाचून तिचं तिला कळावं, बस.

कोशकीटक

मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवते. आधी त्या यादीतले चार-पाच शब्द सांगा बघू.

ओली_माती

आजच्या पानावर गॅर्युलस, पर्निशस, ऑब्स्ट्रेपरस, लॅकॅडेझिकल.

कोशकीटक

वाटलंच. यातला एकही शब्द तिला वर्षभरात विज्ञानाच्या पुस्तकात भेटणार नाही. आणि जो शब्द पुन्हा भेटत नाही तो विसरला जाणारच, त्यात तिचा दोष नाही.

बेक, मॅककिऑन आणि कुकन या शब्दसंग्रहाच्या तीन अभ्यासक. त्यांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत. पहिला रोजच्या बोलण्यातला, तो तिला येतो. तिसरा एकेका विषयाचा, म्हणजे फोटोसिंथेसिस, आयसोसेलीस वगैरे. ते शब्द धड्यातच समजावलेले असतात. मधला थर मात्र कुणीच शिकवत नाही. ॲझ्यूम, डिराइव्ह, कॉन्ट्रास्ट, सिग्निफिकंट, कॉन्सिक्वेन्स, रिलक्टंट. हे शब्द सगळ्या विषयांत फिरतात, पण विज्ञानाच्या शिक्षकांना वाटतं इंग्रजीच्या तासाला झाले असतील आणि इंग्रजीच्या शिक्षकांना... जाऊ दे. तुमच्या लेकीचा उतारा इथेच अडतो.

यादीच हवी असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' आहे, 2000 सालची. 570 शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक. विद्यापीठातल्या मजकुरावरून केलेली आहे, त्यामुळे सातवीच्या मुलीला सगळी नको. पहिले दोन गट बघा आणि त्यातले जे तिच्या पुस्तकांत सापडतील तेवढेच उचला.

पण त्याआधी अजून एक काम करा. जे शब्द तिला 'येतात' ते तपासा. सोल्यूशन म्हणजे उत्तर, हे तिला पक्कं माहीत आहे. रसायनशास्त्रात ते द्रावण. व्हॉल्यूम म्हणजे टीव्हीचा आवाज, विज्ञानात आकारमान. वर्क, पॉवर, मास, टेबल, कल्चर, सगळ्यांची हीच गत. अनोळखी शब्द असेल तर मूल निदान थांबतं, विचारतं. ओळखीचा चेहरा दिसला की तसंच पुढे जातं आणि वाक्य हातचं निसटतं. कुठल्याही 'ॲडव्हान्स्ड' यादीत हे शब्द तुम्हाला मिळणार नाहीत.

तसेच ऑल्दो, अनलेस, व्हेअरॲज, हेन्स. आमच्या वर्गात मी हे वाक्य देते : 'द प्लांट सर्व्हाइव्ड, ऑल्दो इट रिसीव्हड लिटल वॉटर.' निम्मा वर्ग सांगतो, रोपाला थोडं पाणी मिळालं म्हणून ते जगलं. ऑल्दो गिळला, आणि 'लिटल' व 'अ लिटल' एकच समजले. नुसतं लिटल म्हणजे जवळजवळ नाहीच. अर्थ उलटा झाला, आणि वाक्यात कठीण शब्द एकच, सर्व्हाइव्ड, तो तर सगळ्यांना येत होता!

रात्रपाळी

कोशकीटक यांना +1.

विसरण्याबद्दल : एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, किती वेळात किती विसरतो ते मोजलं होतं. 1885 मध्ये त्याचं पुस्तक आलं. मोठी गळती सुरुवातीलाच होते, नंतर वेग मंदावतो. म्हणून आज दहा, उद्या नवे दहा हा हिशेबच चुकीचा. आज पाच घ्या, तेच उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. लाइटनर या माणसाची डब्यांची पद्धत शोधा : एका शब्दाचं एक कार्ड, जमलेलं कार्ड पुढच्या डब्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्या डब्यात. पुढचा डबा उशिरा उघडायचा. ॲप हवं असेल तर अँकी, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. सातवीच्या मुलीच्या हातात फोन द्यावा की नाही ते तुम्ही बघा, मी खोक्यांवर भागवलं.

कार्डावर शब्द-अर्थ अशी जोडी लिहू नका. तिच्या पुस्तकातलं वाक्य लिहून शब्दाच्या जागी रेघ मारा. तो शब्द तिनं आठवून भरायचा.

मूळपुरुष

एवढा खटाटोप कशाला? लॅटिन-ग्रीक धातू शिकवा, एका दगडात दहा पक्षी. स्पेक्ट म्हणजे बघणे : इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर, रिस्पेक्ट, पर्स्पेक्टिव्ह. डिक्ट म्हणजे बोलणे : डिक्टेट, प्रेडिक्ट, काँट्रडिक्ट. माझ्या पुतण्याला याचा जबरदस्त फायदा झाला.

कोशकीटक

मूळपुरुष, धातू शिकवावेत, मीही शिकवते. पण शब्द लक्षात ठेवायला, अर्थ ओळखायला नव्हे. आहार, विहार, प्रहार, संहार यांचं मूळ एकच आहे, म्हणून मूळ कळलेल्या माणसाला संहारचा अर्थ आपोआप सुचेल का? इंग्रजीतही तेच. इनव्हिजिबल म्हणजे न दिसणारं, म्हणून मुलं इनव्हॅल्युएबलचा अर्थ कवडीमोल असा लावतात. आहे अमूल्य. इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं असं समजून कुणी काडी ओढली तर काय होईल ते सांगायला नको.

मूळपुरुष

रिस्पेक्टमध्ये बघणं कुठे आहे ते पुतण्यानेही विचारलं होतं. मान्य.

कोशकीटक

:) आता एन्शंट लेडी. त्यावर उपाय म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचा कोश. लाँगमनचा 1978 पासून आहे. त्यात अर्थ सांगायला साधारण दोन हजार सोपेच शब्द वापरतात, त्यामुळे एक अर्थ बघायला गेलं की आणखी तीन अडले असं होत नाही. ऑक्सफर्डचा हॉर्नबी यांनी सुरू केलेला कोशही त्याच जातीचा. दोन्ही ऑनलाइन बघता येतात. एन्शंट उघडा आणि तिला अर्थ नाही, उदाहरणं वाचायला लावा. रोम, इजिप्त, संस्कृती, अवशेष. माणसाला एन्शंट म्हटलेलं दिसलंच तर ते थट्टेत. शब्दाबरोबर त्याचा एक नेहमीचा सोबती वहीत लिहायचा असा नियम करा : रिलक्टंट टू, कन्सिस्टंट विथ, सिग्निफिकंट चेंज. समानार्थी शब्दांचा कोश मात्र दोन वर्षं तरी तिच्या हाती लागू देऊ नका.

ओली_माती

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! यादी बंद केली. काल इतिहासाचा एकच परिच्छेद घेऊन बसलो. 'द किंग वॉज ऑब्लाइज्ड टू साइन' याचा अर्थ तिनं राजा उपकृत झाला असा लावला होता, 'मच ऑब्लाइज्ड' ऐकलं होतं म्हणून. राजाला भाग पाडलं होतं हे कळल्यावर म्हणाली, "मग पुढचं भांडण का झालं ते आत्ता कळलं." पुढचं पान आपण होऊन उलटलं.

एक शंका. कार्डावर मराठी अर्थ लिहिला तर चालेल का? शाळेत इंग्रजीतूनच विचार करा म्हणतात.

कोशकीटक

बिनधास्त लिहा. 'रिलक्टंट : मनात नसताना' एवढं लिहिलं की काम झालं. फक्त ते कार्डाच्या मागच्या बाजूला, आणि पुढे वाक्य हवंच. ऑब्लाइज्डची मात्र दोन कार्डं करा, दोन अर्थांची.

रात्रपाळी

आणि कार्डं तिच्याच हातानं लिहून घ्या. माझ्या मुलाची मी सुंदर अक्षरात लिहून दिली होती. शब्द सगळे मला पाठ झाले.