स्वमग्न मुलाला इमॅजिकाला न्यायचंय, सल्ला हवा

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला). दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीला इमॅजिका थीम पार्कला जायचं घाटतंय. रांग आणि स्पीकरचा आवाज त्याला सोसत नाही. कसं जमवायचं?

उत्तर १: ताई, दिवाळीची गर्दी टाळा, शाळेला सांगून आडवारी जावा. त्याआधी आपल्या कोल्हापूरजवळचं कणेरी मठाचं म्युझियम करा, जुन्या गावगाड्याच्या पुतळ्यांचं. मोकळी जागा, पुतळे आपले गप्प उभे. माझी लेक तिथल्या कुंभाराच्या चाकापुढं उकिडवी बसून राहायची, मी उठवायची नाही. राईडचे व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवा, मग थोडा थोडा वाढवा. आवाज अडवणारे कानावरचे मफ घरातच अंगवळणी पाडा. तिथं नवे काढलेत तर पोरगं भिरकावून देतंय.

उत्तर २: यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) बरोबर ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. रांगेत काय सोय मिळेल ते आधी फोनवर विचारा.

प्रश्नकर्ती: कार्ड आहे. पण तो दहीभाताशिवाय काही खात नाही.

उत्तर १: मग डबा आत चालेल का, तेपण फोनवरच विचारा. आणि त्यानं हात कानावर नेले की लगेच बाहेर पडा. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत.