मोटारसायकलच्या पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढवला तर पेट्रोल खरंच वाचतं का?

वडगावकर
माझं मत आधीच सांगतो. बेळगाव-निपाणी हायवेवर रोज ये-जा असेल, गाडीवर एकटा माणूस असेल, तर पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे इंजिनाकडचं चेन फिरवणारं दातेरी चाक, एका दातानं मोठं करावं. जून २०२४ मध्ये कर्नाटकानं विक्रीकर वाढवला तेव्हा पेट्रोल लिटरमागं तीनेक रुपयांनी चढलं. पगार काही त्या हिशेबानं चढला नाही. नवी गाडी परवडत नाही, पण चेनकिट (चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट) कधी ना कधी बदलावंच लागतं. तेव्हाच हा बदल करून घ्यावा.

हिशेब असा. पुढे १४ दात, मागे ४२ धरा. मागचं चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. पुढे १५ केले की २.८ वेळा. म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे साडेसहा टक्क्यांहून थोडे जास्तच कमी होतात. ५००० आरपीएमवर (मिनिटाला ५००० फेरे) पळणारं इंजिन ४६७० च्या आसपास येतं. फेरे कमी म्हणजे आतलं घर्षण कमी. शिवाय तेवढीच ताकद कमी फेऱ्यांत काढायची तर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) जरा जास्त उघडावा लागतो, आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात इंजिनची जी शक्ती वाया जाते ती वाचते. माझी गाडी १२५ सीसीची आहे. हायवेला फरक पडलाय, हँडलची थरथरही कमी झालीय.

कणकुंबीकर
दादा, हायवेवाल्यांचं ठीक आहे ओ. आम्ही चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळी गावाला जाणारी माणसं. मागं पोतं बांधलेलं असतंय, कधी बायको बसलेली असतीय. चढाला चौथ्या गिअरात गाडी ओढत नाही म्हणून तिसऱ्यात घालायची, तिथंही दम तोडली की दुसऱ्यात. मग पेट्रोल वाचलं कुठं? चाकाला मिळणारी ओढ तुमच्या हिशेबानं तेवढ्याच टक्क्यांनी कमी झाली, हे का लिहिला नाही?

आणि चढापेक्षा मला उताराची काळजी जास्त. गोव्याच्या बाजूला उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवली की इंजिनच धरून ठेवतंय. दात वाढवला की ती पकड कमी होणार, म्हणजे ब्रेक जास्त दाबायचा. पावसाळ्यात त्या वळणांवर ड्रम ब्रेक तापवत कोण उतरंल? चार पैसे वाचवायला जीव टांगणीला लावायचा नाही.

वडगावकर
ओढ कमी होते, मान्यच आहे. पण गिअर दिलेत कशाला? १५ दातांवर तिसरा गिअर लांब होतो, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पळते, त्यामुळं चढाला तो जास्त वेळ चालतो, सारखं वर-खाली करावं लागत नाही. उतारालाही एक गिअर खाली घातला की पकड आधीपेक्षा जास्तच मिळते. आणि मी पहिल्याच ओळीत हायवे आणि एकटा माणूस म्हटलंय. घाटात ओझं नेणाऱ्यानं करावं असं मी म्हणणार नाही.

टिळकवाडीचा गॅरेजवाला
आपण असं म्हटलं नाही म्हणता, पण गिऱ्हाईक ऐकून येतं ते एवढंच, की दात वाढवला की ॲव्हरेज वाढतं. मग तीच गाडी बेळगावच्या खडे बाजारात, कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर, अर्ध्या क्लचवर चालते. पहिला गिअरही लांब झालेला असतो ना! गाडी उचलायला क्लच जास्त वेळ घासतो. प्लेटा जळून आलेल्या गाड्या मी उघडतो तेव्हा तो करपट वास नाकातनं जात नाही. हायवेला वाचलेलं पेट्रोल आणि क्लचप्लेटांचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा.

दुसरी गोष्ट. शंभर सीसीच्या गाड्या कंपनीनं आधीच ॲव्हरेजसाठी लांब गिअरवर बसवलेल्या असतात. साठच्या वेगाला तिथं थ्रॉटल बऱ्यापैकी उघडलेला असतो, त्यामुळं तुम्ही म्हणता ती हवा ओढण्यातली बचत फार उरतच नाही. आणखी भार टाकला की इंजिन जास्त पेट्रोल मागतं, चढाला टकटक वाजायला लागतं. ती टकटक पिस्टनला आणि बेअरिंगला मार असते. दोनशे-साडेतीनशे सीसीला, जिथं ताकद शिल्लक असते, तिथं हा उपाय लागू पडंल. छोट्या गाडीला मी तरी बसवून देत नाही.

हुक्केरीचे मास्तर
वडगावकर, फरक मोजला कसा तेवढं सांगा. किलोमीटरचं मीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर आकडा बरोबर. पण काही गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सपाशी असतो. तिथं पुढे १४ चे १५ केले की खरे १०० किलोमीटर झाले तरी मीटर ९३ दाखवतं. वेगाचा काटाही तेवढाच कमी दाखवतो, म्हणजे ६० दिसताना गाडी ६४ वर असते. अशा गाडीचं ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी भासेल, आणि पोलिसांनी वेगासाठी धरलं तर मीटरकडं बोट दाखवून सुटका नाही.

मोजायचं तर त्याच पंपावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून, टाकीच्या त्याच खुणेपर्यंत भरायची आणि अंतर हायवेच्या किलोमीटर दगडांवरून ताडून बघायचं. जातानाचं आणि येतानाचं दोन्ही धरायचं. जाताना वारा समोरून असला तर परतताना तोच पाठीशी असतो. एकाच बाजूचा आकडा सांगून उपयोग नाही.

वडगावकर
मास्तर, माझं मीटर पुढच्या चाकावरून केबलनं चालतं, त्यामुळं ती शंका नाही. भरणं एकाच पंपावर, आणि जाणं-येणं दोन्ही धरूनच बोलतोय.

संकेश्वरचा पोरगा
मी तर उलटं ऐकलंय, मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की पिकअप वाढतो. आमच्या कॉलेजात दोघा-तिघांनी केलंय.

टिळकवाडीचा गॅरेजवाला
पिकअप वाढतो, बाळा, पण इंजिन सगळा वेळ किंचाळत पळतं आणि पेट्रोल पितं. त्या वाटेला जाऊ नकोस.

उद्यमबागेतला टर्नर
गॅरेजवाल्या अण्णांचं क्लचबद्दलचं म्हणणं मला पटतं, टकटकीबद्दल गाडी-गाडीवर आहे. मी फक्त लोखंडाबद्दल बोलतो, कारण आमच्याकडं लोक मापं घेऊन येतात आणि "एक दात वाढवून करून द्या" म्हणतात. करून देता येतं. पण साध्या माइल्ड स्टीलवर दात कापले आणि हार्डनिंग केलं नाही, तर थोड्याच महिन्यांत दात विळ्यासारखे एका अंगाला वाकतात. मग चेन उडी मारते. असलं स्प्रॉकेट घेऊ नका. घ्यायचंच तर त्याच पिचचं (पिच म्हणजे चेनच्या दोन पिनांमधलं अंतर), तयार, दात कडक केलेलं घ्या.

बसवताना चेनकव्हर आधी बघा. ४२८ नंबरच्या चेनचं पिच १२.७ मिलिमीटर, त्यामुळं एक दात वाढला की स्प्रॉकेटची त्रिज्या दोन मिलिमीटरनं वाढते. तेवढ्यानं काही गाड्यांत चेन कव्हरला घासते. मागचं चाक साधारण तीन मिलिमीटर पुढं घ्यावं लागतं, ते चेन ताणायच्या ॲडजस्टरमध्ये मावतं, चेनला कडी जोडायची गरज पडत नाही. स्प्रॉकेट जागेवर धरणाऱ्या लॉकप्लेटचे दोन बोल्ट मात्र नीट कसा. ते ढिले राहून स्प्रॉकेट शाफ्टवर खेळलं तर शाफ्टच्या खाचा जातात, आणि ते काम महागाचं.

निपाणीचा सेल्समन
मी वडगावकरांच्या बाजूचा, पण एक विचारतो. दात न वाढवता ६० ची गाडी ५० वर आणली तर? वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ५० वरून ६० केलं की तो ४४ टक्क्यांनी वाढतो. टायरची हवा बघा, चेनला तेल द्या, वेग उतरवा. याला एक पैसा लागत नाही.

वडगावकर
बरोबर आहे, पण हायवेला मागून ट्रक आणि व्होल्वो येत असताना ५० वर चालवणं मला सुरक्षित वाटत नाही. ऊस तोडीच्या दिवसांत तर दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडायला वेग लागतोच.

कणकुंबीकर
ओलांडायला वेग नाही, ओढ लागती! तीच तुम्ही कमी केलाय. ट्रॉलीच्या शेजारी गेल्यावर गाडी उचलली नाही तर काय करणार?

वडगावकर
तिसऱ्यात घालून ओलांडतो. चौथ्यात कधीच काढत नाही, १४ दातांवरही काढत नव्हतो.

संकेश्वरचा पोरगा
मग दोन्ही ठेवले तर? उन्हाळ्यात हायवेला १५, पावसाळ्यात घाटाला १४. बदलायला दोनच बोल्ट आहेत म्हणता.

उद्यमबागेतला टर्नर
नको. चेन ताणली की तिचं पिच वाढतं आणि ती ज्या दातांवर चालली त्यांच्याबरोबरच झिजते. तीच चेन मधेच नव्या स्प्रॉकेटवर घातली की नवे दात लवकर खाते. एक काय ते ठरव आणि चेन, पुढचं, मागचं तिन्ही एकदमच घाल.